चौदा हिरवे

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभं राहावं. काउंटरपुढे हातात यादी घेतलेल्या आया असतात. त्यांच्या मागे ‘चित्रकला वही, मोठी, दोन’ एवढंच मोठ्यांदा वाचून दाखवण्यापुरते आणलेले बाप असतात. आणि दोन पिशव्यांच्या फटीतून डोकं काढून “मला छत्तीसवाली पेटी!” म्हणून ओरडणारी मुलं असतात. या गर्दीच्या अगदी कडेला, ट्यूबलाइटचा उजेड बरा पडतो तिथे, एक गृहस्थ उभे दिसतील. वय पासष्टच्या पुढे. बरोबर मूल नाही, हातात यादी नाही. एक रंगीत पेन्सिल डोळ्यांपासून वीतभर लांब धरून ते तिचं टोक नव्हे, बूड निरखत असतात.

दुकानदार विचारतो, “कितवीत आहे?”

गृहस्थ नवशिके असले तर म्हणतात, “दुसरीत. नातू.” मुरलेले असले तर म्हणतात, “रिटायर्ड आहे.”

ही जमात अलीकडे वाढते आहे. यांना चित्रकार म्हणू नये. त्यांना ते आवडत नाही आणि खऱ्या चित्रकारांनाही आवडत नाही, त्यामुळे त्या बाबतीत दोन्ही बाजूंत एकमत आहे. चित्र दुसऱ्या कुणीतरी काढलेलं असतं, छापलेलं असतं. हे फक्त रंगवतात. पण ‘फक्त’ हा शब्द त्यांच्यासमोर वापरून बघा.

आमच्या सोसायटीतले नाना हा या जमातीचा अस्सल नमुना. नाना सरकारी लेखापरीक्षणात होते. अजूनही आहेत, फक्त सरकारचा त्याच्याशी संबंध राहिलेला नाही. भाजीवाल्याच्या हिशेबाची रुजुवात, सोसायटीच्या जमाखर्चाला अर्धसमास, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या वजनाबद्दल तोंडी आक्षेप, हे चालूच असतं. रंगांशी त्यांचा पहिला संबंध आला तोही कचेरीतच. पूर्वी कचेऱ्यांत एक लाल-निळी पेन्सिल असायची, एक टोक लाल आणि दुसरं निळं. जुळलं की निळी खूण, नाही जुळलं की लाल. नानांनी नोकरीची सगळी वर्षं या दोन रंगांत काढली. लाल टोक आधी संपायचं, हे ते आजही अभिमानानं सांगतात.

तिसरा एक रंग होता, पण तो नानांचा नव्हता. राजपत्रित अधिकाऱ्यानं हिरव्या शाईनं सही करायची ही सरकारी कचेऱ्यांतली जुनी प्रथा. चूक नानांनी शोधायची, आक्षेप नानांनी लिहायचा, मसुदा नानांनी तीनदा सुधारायचा, आणि खाली साहेबांची हिरवी सही. ती सहीसुद्धा धड नाही, एक रेघ आणि तिला आलेली उचकी. नानांचं नाव बढतीच्या यादीत आलं तेव्हा निवृत्तीला चार महिने उरले होते. मग यादीला स्थगिती आली. स्थगिती उठली तेव्हा नाना घरी बसून पेन्शनच्या कागदांवर निळ्या शाईनं सही करत होते.

आज नानांकडे चौदा हिरवे आहेत. त्याचा या गोष्टीशी काही संबंध आहे का, असं मी एकदा विचारलं. “काहीही संबंध नाही,” नाना म्हणाले, आणि चौदा पेन्सिली फिक्यापासून गडदपर्यंत पुन्हा एकदा ओळीनं लावल्या.

सुरुवात रीतीप्रमाणे नातवापासूनच झाली. मे महिन्याची सुट्टी संपवून नातू परत जर्मनीला गेला आणि मागे एक रंगवायचं पुस्तक राहिलं. त्यात अर्धवट रंगवलेला एक हत्ती होता. सोंड निळी, एक कान केशरी, बाकी कोरा. अपूर्ण नोंद बघून लेखापरीक्षकाला झोप येत नाही. नानांनी हत्ती पूर्ण केला. मग पुढचं पान. मग त्यापुढचं. पुस्तक संपल्यावर नानांनी ते कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ‘नातवासाठी’ म्हणून नवीन आणलं. नानींनी एवढंच म्हटलं, “पोस्टानं पाठवणार आहात का?”

साहित्याच्या बाबतीत या जमातीची वाटचाल ठरलेली असते. आधी तेलखडू, कारण घरात तेच असतात. तेलखडूचा रंग भरदार येतो, बोटानं पसरवता येतो, आणि म्हणूनच तो बोटावरून चष्म्यावर, चष्म्यावरून नाकावर आणि नाकावरून रुमालावर जातो. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर तो पेटीतच मऊ पडतो. शिवाय खडू जाड आणि चित्रातली पाकळी बारीक. नानांनी याबद्दल वाचन केलं. हे तेलखडू जपानमध्ये १९२० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी निघाले आणि १९४९ मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंगवाल्यांनी पिकासोसाठी त्यांची भारी आवृत्ती तयार केली, ही माहिती त्यांनी नानींना उत्साहानं दिली. नानी तेव्हा रुमाल घासत होत्या. “पिकासोचे रुमाल कोण धुवायचं?” असं त्यांनी विचारलं. तेलखडू त्या आठवड्यात बंद झाले.

स्केचपेनांचा काळ त्याहून छोटा. रंग झणझणीत, पण छटा करायची सोय नाही आणि शाई कागदाच्या पाठीमागे उतरते. पुस्तक दोन्ही बाजूंनी छापलेलं असलं की पुढच्या पानावरचा मोर रंगवताना मागच्या पानावरच्या राजकन्येला गोवर उठतो. जलरंगांना नाना घाबरतात. पाणी कुठे जाईल याचा ताळेबंद मांडता येत नाही, हे त्यांचं लेखी मत आहे. ब्रश चहात बुडवण्याचा प्रकारही घडला, पण नाना तो मान्य करत नाहीत; कप आणि पाण्याची वाटी एकाच रंगाची ठेवणाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग रंगीत पेन्सिली. इथे नाना घरी आले. पेन्सिल हातात कशी धरायची ते ठाऊक होतं, टोक कसं करायचं ते ठाऊक होतं. फक्त आता टोकं दोन नव्हती.

पेन्सिलींची खरेदी हा स्वतंत्र विधी आहे आणि नानांबरोबर जायचं तर दुपारचं जेवण करून निघावं. पहिली तपासणी बुडाची. मधली रंगाची कांडी लाकडाच्या बरोबर मध्यावर आहे की नाही, ते तिथेच दिसतं. कांडी एका अंगाला सरकलेली असली तर टोक करताना एका बाजूचं लाकूड पुढे येतं आणि कागदावर खरखरतं. चोवीसच्या पेटीतल्या चोवीसही बुडांची तपासणी होईपर्यंत मागे रांग वाढते. दुसरी तपासणी पडण्याची. नाना दुकानदाराला विचारतात, “ही पेटी पडली होती का?” कुठला दुकानदार हो म्हणेल? पण प्रश्न बरोबर आहे. पेन्सिल टेबलावरून फरशीवर पडली की वरून धडधाकट दिसते, आत कांडीचे तुकडे झालेले असतात. मग टोक करा, तुकडा गळला. पुन्हा करा, पुन्हा गळला. अशी पेन्सिल रंगवण्याआधीच शार्पनरमध्ये संपते. लहानपणी आपण ती साल दुधात भिजवून तिचा खोडरबर होईल म्हणून वाट बघायचो. नाना म्हणतात, त्यांनी तो प्रयोग केला होता आणि दूध वाया गेल्याची नोंद अजून त्यांच्या डोक्यात आहे.

तिसरी तपासणी कागदावर. दुकानातली चाचणीची वही गुळगुळीत असते म्हणून नाना स्वतःचा कागद खिशात नेतात, दीडशे जीएसएमचा कार्ट्रिज, चार घड्या घातलेला. पेन्सिलीच्या रंगाला धरायला कागदाला दाणा लागतो. झेरॉक्सच्या पातळ कागदावर दोन थरांनंतर रंग चढायचा थांबतो आणि पेन्सिल नुसती घसरायला लागते. मग हलक्या हातानं एक चौकोन, जोर देऊन दुसरा, त्यावर दुसरा रंग, मग खोडरबर, मग बोट. एवढं करून नाना विचारतात, “यातली फक्त पोपटी मिळेल का?”

सुटी पेन्सिल हे या जमातीचं सर्वात मोठं दुखणं. कलावंतांच्या महागड्या पेन्सिली सुट्या मिळतात, शाळकरी पेटीतल्या मिळत नाहीत. पण पेटीतले रंग काही एकसारखे संपत नाहीत. पुस्तकं सगळी पानाफुलांची, त्यामुळे हिरवा नखाएवढा होतो तेव्हा पांढरा कारखान्यातून आला त्याच उंचीचा असतो. म्हणजे एका हिरव्यासाठी अख्खी पेटी. नानांनी चौदा हिरवे असेच जमवले आणि त्यांच्याबरोबर आपोआप आलेले अकरा पांढरे. या पांढऱ्यांचं करायचं काय, हा प्रश्न कित्येक महिने प्रलंबित होता. शेवटी कुठेतरी वाचलं की रंगवून झालेल्या भागावर पांढरी पेन्सिल जोर देऊन घासली की खालचे थर एकजीव होऊन चकाकी येते. त्या दिवशी अकराच्या अकरा पांढऱ्यांना नेमणूक मिळाली. नाना दोन दिवस खुशीत होते.

घरी आल्यावर नवीन पेन्सिलीची नोंद जडवस्तू नोंदवहीत होते. रकाने असे: अनुक्रमांक, कंपनी, कंपनीचा रंग क्रमांक, नमुना आणि घरगुती नाव. हा शेवटचा रकाना नानींचा. कंपनी डब्यावर काहीही छापो, नानी पेन्सिल हातात घेतात, क्षणभर बघतात आणि निकाल देतात. “ही आमसुली. ही चिंतामणी. ही डाळिंबी नाही, डाळिंबी यापेक्षा लाल असते, ही गुलबक्षी. आणि ही तुमच्या बहिणीनं मला दिलेल्या साडीची.” त्या रकान्यात खरोखर एका करड्या रंगापुढे ‘वन्संची साडी’ अशी नोंद आहे. नानांचा चौदा हिरव्यांचा गर्व नानींनीच काबूत ठेवला आहे. पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, मूगडाळ, बाटली इथपर्यंत त्यांनी नावं दिली आणि उरलेल्या आठांना म्हणाल्या, “हे सगळे एकच आहेत.”

पेन्सिलीचा तुकडा बोटात धरवेनासा झाला की त्याला नळी लावतात. नळीतूनही धरवेनासा झाला की निर्लेखन. त्याचा ठराव होतो. अनुमोदक नानी.

मोठ्या माणसांनी रंगवायची पुस्तकं हे काही नानांचं खूळ नव्हे. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्डचं ‘सीक्रेट गार्डन’ २०१३ साली आलं आणि लाखांनी खपलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभर रंगीत पेन्सिलींना अशी मागणी आली की जर्मनीतल्या फॅबर-कास्टेलला कारखान्यात जादा पाळ्या लावाव्या लागल्या. आपल्याकडेही दुकानांत मंडलांची पुस्तकं आली, मुखपृष्ठावर ‘ताणमुक्ती’ असा शिक्का मारून. या शिक्क्याचा नानांना राग आहे. “मला कसला ताण? निवृत्त माणसाला ताण नसण्याचाच ताण असतो.”

त्यांना चिडवायला म्हणून मी एका संशोधनाची गोष्ट सांगितली. करी आणि कॅसर या दोन संशोधकांनी २००५ साली अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची आकृती आणि काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्यावाल्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. “कोरा कागद पुढे आला की माणूस घाबरणारच. हे सांगायला अमेरिका कशाला? मी जन्मात कोऱ्या कागदावर सही केली नाही.”

शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना रंगवायची पुस्तकं आवडत नाहीत. मुलांची कल्पनाशक्ती मरते, आखून दिलेल्या रेषेत कोंबली जाते, असं ते म्हणतात, आणि मुलांपुरतं मला ते पटतं. पण नाना लहानपणी याच शिक्षकांच्या हाताखाली एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. स्थिरचित्रात बादली कललेली आली. स्मरणचित्राला विषय होता बाजार. माणसांचे चेहरे जमत नव्हते म्हणून नानांनी सगळा बाजार पाठमोरा काढला. विक्रेतेसुद्धा पाठमोरे. ‘सी’ श्रेणी मिळाली आणि इंटरमिजिएटचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मग पन्नास वर्षं कोऱ्या कागदाशी संबंध नाही. रकाने दुसऱ्यानं आखलेले, शाईचा रंग दुसऱ्यानं ठरवलेला, जुळलं की निळा आणि नाही जुळलं की लाल. अशा माणसाला तुम्ही सांगता, रेषा तुझ्याच ओळखीच्या आहेत, त्या सोडायची गरज नाही, पण आत कुठला रंग भरायचा ते तू ठरव. त्याला स्वातंत्र्य मिळाल्यासारखं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. चित्रकार होण्याची हौस आणि रंग भरण्याची हौस या दोन वेगळ्या हौशी आहेत, असं माझं मत झालं आहे. दुसरी पुष्कळ जास्त लोकांना असते, फक्त चौथीनंतर कोणी पेटी आणून देत नाही.

नाना रंगवायला बसतात ते बघण्यासारखं असतं. सकाळी साडेनऊ, खिडकीजवळचं टेबल, उजेड डावीकडून. एका पानावर एका वेळी एकच फांदी. आधी अगदी हलका हात, पेन्सिल मागे धरून, नुसता रंगाचा वास यावा इतपत. मग दुसरा हिरवा, मग सावलीच्या बाजूला तिसऱ्यात थोडा तपकिरी. काळा वापरायला त्यांची बंदी आहे. काळ्यानं सावली केली की पान मेल्यासारखं दिसतं, हे त्यांनी चार पानं मारल्यावर शोधलं. जीभ डाव्या गालात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मध्येच पेन्सिल खाली ठेवून ते दोन हिरव्यांकडे आळीपाळीनं बघत बसतात. निवड करायची असते. हा वेळ रंगवण्यापेक्षा जास्त जातो आणि खरी गंमत तिथेच आहे, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं. चहा गार होतो. फोन वाजतो. बँकेतून कोणी बाई कर्ज हवंय का विचारतात. “आत्ता नको, पानाची शीर चालू आहे,” असं नाना म्हणाले तेव्हा पलीकडून बाईंनी काळजीच्या सुरात “मग सर, उद्या करू का?” असं विचारलं होतं.

पहिल्या मजल्यावरची छोटी मुलगी रविवारी त्यांच्याकडे येते. दोघांची पुस्तकं वेगळी, पेट्या वेगळ्या. नानांचे पांढरे मात्र तिला कितीही वापरायची मुभा आहे. एकदा ती म्हणाली, “आजोबा, स्किन कलर द्या.”

“कोणाची स्किन?”

“सगळ्यांची.”

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. तिला तिचा हात कागदावर ठेवायला लावला, स्वतःचा ठेवला, नानींना हाक मारून त्यांचाही ठेवायला लावला. तीन हात आणि तीन वेगळे रंग. मग तिघांचं मिश्रण शोधण्यात सकाळ गेली. मुलीचा निघाला हलका तपकिरी आणि वर थोडा केशरी. नानांच्या हाताला करडाही लागला. अमेरिकेच्या क्रेयोला कंपनीनंसुद्धा आपल्या खडूचं ‘कातडी’ या अर्थाचं नाव १९६२ साली काढून टाकलं आणि त्याला ‘पीच’ म्हटलं, ही माहिती नानांनी मुलीला दिली. तिनं विचारलं, “पीच म्हणजे?” अजून नानींचा हात राहिला होता. “गव्हाळ,” नाना म्हणाले. नानी म्हणाल्या, “आमच्या वडिलांनी पत्रात गव्हाळच लिहिलं होतं. तुमच्या आईंनी ते सावळी वाचलं.” नानांनी विषय पीचकडे वळवला.

दिवाळीच्या सुमारास मुलानं जर्मनीहून फॅबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉसची १२० रंगांची पेटी पाठवली. न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइन गावात १७६१ साली सुरू झालेली कंपनी, पेशवाईतली; पानिपत त्याच वर्षीचं, असं नाना प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तिकडे किंमत किती हे मुलानं सांगितलं नाही. नानांनी पावती नसल्याबद्दल आक्षेप घेतला आणि स्वतः शोधून काढली. इथल्या हिशेबानं आकडा पाच अंकी होता. पेटी ठेवींच्या पावत्यांशेजारी कपाटात गेली. पाहुणे आले की बाहेर यायची, झाकण उघडायचं, सगळे “अरे वा” म्हणायचे, झाकण बंद. वर्षभर एकाही पेन्सिलीचं टोक झालं नाही. यावरून या जमातीचा आणखी एक विशेष कळतो: वापरायची पेटी वेगळी, बघायची वेगळी. वापरायची कॅम्लिन किंवा उंबरगावची डॉम्स. कॅम्लिनबद्दल नानांना आपुलकी आहे. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरुवात केली ती शाईपासून आणि मग रंगांत आले. “आपणही तसेच,” नाना म्हणतात.

शेवटी पुढच्या दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीशेजारी पेटी ठेवून तिची पूजा झाली आणि नानींनी फर्मान काढलं की पूजा केलेलं हत्यार वापरावं लागतं. नानांनी क्रमांक १७४ निवडला. क्रोमियम ऑक्साइडचा, मंद, जाड, अपारदर्शक हिरवा. नानींनी नाव दिलं, ‘सरकारी’.

या पेटीमुळे नानांच्या आयुष्यात तारे आले. प्रत्येक पेन्सिलीवर बारीक तारे छापलेले असतात. तीन तारे म्हणजे रंग उजेडात शंभर वर्षांहून जास्त टिकेल, दोन म्हणजे पंचवीसहून जास्त, एक म्हणजे पाचहून जास्त. शंभर वर्षांचा दावा ऐकून लेखापरीक्षक गप्प बसणं शक्य नव्हतं. नानांनी घरातल्या झाडून सगळ्या पेन्सिलींचे पट्टे कार्ट्रिजवर ओढले, अर्धा भाग जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं झाकला आणि कागद पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. खोलीत अंधार झाला. नानींनी हरकत नोंदवली. “सूर्याची तपासणी चालू आहे,” नाना म्हणाले. मार्चपासून मेपर्यंतचं ऊन दिल्यावर पुठ्ठा काढला. तीन ताऱ्यांचे पट्टे जागच्या जागी होते. शाळकरी पेट्यांतले काही गुलाबी आणि जांभळे मात्र उघड्या बाजूला इतके उडाले होते की रेघ कुठे होती ते चष्मा लावून शोधावं लागलं. नानांनी सविस्तर अहवाल लिहिला. फसवणूक म्हणता येणार नाही, असं त्यात न्यायबुद्धीनं नमूद केलं, कारण त्या पेट्यांवर तारे नव्हतेच.

हा अहवाल कोणी वाचला नाही. सोसायटीनं वाचायला हवा होता.

कारण पार्किंगचं भांडण त्याच पावसाळ्यात झालं. सचिवांनी स्वतःच्या गाडीला कोपऱ्यातली ऐसपैस, सावलीची जागा घेतली आणि नानांच्या स्कूटरला पाण्याच्या टाकीखालची, जिथे टाकी भरली की वर शिंतोडे. नानांनी सर्वसाधारण सभेत आक्षेप घेतला. सचिव म्हणाले, “नोंद घेतली.” या दोन शब्दांचा सरकारी अर्थ नानांइतका कोणाला माहीत असणार? पुढे सचिवांनीच दिलजमाई म्हणून सुचवलं की नानांनी पार्किंगचा नकाशा रंगवून द्यावा, म्हणजे कोणाची जागा कुठली ते एका नजरेत कळेल. जाड कागदावर छापून आणतो, फाटकाशेजारच्या फलकावर कायमचा लावू, एकदा लागला की तोच अंतिम.

नानांनी पंधरा दिवस घेतले. अठ्ठावीस जागा, अठ्ठावीस रंग, रेषेबाहेर कुठे कण नाही. खाली सूचीत प्रत्येक रंगापुढे नाव. उजव्या कोपऱ्यात तारीख आणि नानांची सही, हिरव्यात. सचिवांची जागा अशी सुंदर गुलाबी होती की त्यांच्या सौभाग्यवतींनी मुद्दाम खाली येऊन फोटो काढला. नानांची स्वतःची जागा त्या मानानं अगदीच साधी, जाड हिरवी. सगळ्यांना वाटलं, नाना मोठ्या मनाचे आहेत.

फलक पश्चिमेला आहे. दुपारी दोनपासून ऊन थेट त्याच्यावर येतं.

गेल्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं सचिवांच्या जागेत गाडी लावली. सचिव वरून ओरडत आले. पाहुण्यानं त्यांना हाताला धरून फलकापाशी नेलं आणि विचारलं, “ही जागा तर कोरी आहे ना?”

सचिवांनी सूची वाचली. त्यांच्या नावापुढचा चौकोनही कोरा होता. त्यांनी नानांना खाली बोलावलं. नाना चष्मा पुसत आले, नकाशा जवळून बघितला, लांबून बघितला आणि म्हणाले, “नोंद घेतली.”